आईच्या फोनला आधी कळलं

आमच्या घरात कागद वाचणारं कुणी नव्हतं. बाप कबनूरला दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला, आई त्याच शेडात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या कांड्यांवर दिवसभर सूत गुंडाळायची. मी आणि धाकटा भाऊ शेडाच्या मागच्या एका खोलीत वाढलो. भिंतीपलीकडं माग चालू असले की घरात मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि बंद असले की पोटाची काळजी असायची. सरकारी कागद आला की तो आधी पत्र्याच्या पेटीत जायचा. मग आई म्हणायची, हातकणंगल्याला जाऊन यायला पाहिजे.

तिथं तहसील कचेरीच्या दारात लिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहिणारा बसायचा. त्याचं अक्षर चांगलं होतं आणि आवाज त्याहून मोठा. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं तो विचारायचा. जात कुठली. नवरा पितो का. पोरं किती, त्यातली गेली किती. आई खाली मान घालून हळू बोलली, तर म्हणाला, बाई, मोठ्यानं बोला. मग आई मोठ्यानं बोलली. माझ्या आधी आईची दोन पोरं जन्मून गेली होती, हे मला त्या रांगेत कळलं. मी सात वर्षांची असेन.

पुढं मी शिकले. कोल्हापुरात राहून, सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर एका झेरॉक्सच्या दुकानात काम करून बी.कॉम. केलं. आमच्या सगळ्या भावकीत पदवीचा कागद घरात आणणारी मी पहिली. हे मी कुठंही सांगते. ते सांगताना मला लाज वाटत नाही आणि मी नम्रही होत नाही. ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांनी नम्र व्हावं.

शिवाजी पेठेत एका तालमीच्या शेजारी गाळा घेतला आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र काढलं. दाखले, पेन्शन, शिष्यवृत्ती, दवाखान्याच्या योजना. कम्प्युटरच्या आधी मी एक गोष्ट केली. कबनूरहून जाड कापड आणून मध्ये पडदा लावला. आत एका वेळी एकच माणूस. प्रश्न हळू आवाजात विचारायचे, उत्तर हळू आवाजात घ्यायचं. विधवा बाया, अपंग पोराचे बाप, नवऱ्याला व्यसनमुक्तीला घालायचं असलेल्या सुना, सगळे त्या पडद्याआड बसून गेले. त्यांचं बोलणं माझ्या तोंडून बाहेर गेलं नाही. त्या पडद्याचा मला डिग्रीइतकाच अभिमान होता.

आणखी एका गोष्टीचा अभिमान होता, तीच पुढं अंगाशी आली. लोक नवा मोबाईल घेऊन यायचे. तो चालू करायला ईमेलचं खातं लागतं. लोकांकडं खातं नसायचं, काढून दिलं तर आठवड्यात पासवर्ड विसरायचे. मग मी दुकानाचंच खातं त्यांच्या मोबाईलला जोडून द्यायला लागले. एक खातं, एक पासवर्ड, अडलं तर मी आहेच. आईच्या मोबाईललाही तेच होतं. आपण लोकांची केवढी सोय केली, असं मला वाटायचं.

बाप गेला त्याला आता सहा वर्षं झाली. कॅन्सर होता, फुप्फुसाचा. आमच्याकडं आजाऱ्याला आजाराचं नाव सांगायचं नाही, ही रीत. नाव कळलं की माणूस खचतो म्हणतात. बापाला आम्ही मागाच्या धुळीचा खोकला आहे म्हणून सांगितलं. ही रीत आईनंच कडक पाळली. दवाखान्याची फाईल ती नेताना नेहमी उलटी धरायची, वर छापलेलं कॅन्सर विभागाचं नाव पोटाकडं, कोरी बाजू जगाकडं. घरात आली की फाईल पेटीवर पालथी.

मागच्या वर्षी अंघोळ करताना माझ्या हाताला गाठ लागली. छातीत डाव्या बाजूला, हरभऱ्याएवढी. मी हात काढला आणि परत लावला. ती तिथंच होती.

कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. बापाच्या वेळचे तिचे हाल मी बघितले होते, आणि परत तो शब्द तिच्या कानावर पडला तर ती राहील का, याची मला खरंच भीती होती. तपासून निकाल येईस्तोवर आईला कळता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोन-तीन दिवसांनी दुपारी जेवायच्या सुट्टीत शटर अर्ध्यावर ओढलं आणि सरकारी आरोग्य योजनेचं संकेतस्थळ उघडलं. गूगलवर मुद्दाम शोधलं नाही. तिथं जाहिरातवाले असतात, माग काढतात, एवढं मला माहीत होतं. सरकारी पान म्हणजे सरकारी, तिथं तसलं काही नसतं, असा माझा समज. खाली एक पट्टी आली की हे संकेतस्थळ कुकी वापरतं. रोज अशा पन्नास पट्ट्या येतात. मी 'स्वीकारा' दाबलं आणि पट्टी गेली. आजाराचं नाव निवडलं, कुठल्या दवाखान्यात फुकट होतं ते बघितलं, लक्षणांचं पान दोनदा वाचलं. मग सगळं बंद केलं आणि डबा न उघडताच शटर वर केलं.

तपासणीला जायची हिंमत मात्र होईना. उद्या, परवा, असं चाललं होतं.

अडीच आठवड्यांनी गल्लीच्या तोंडाला राहणारे मामा आले. जन्मभर शिलाईकाम केलेले, आता दिवसभर तालमीच्या कट्ट्यावर. त्यांचा आवाज असा की माझ्या पडद्याचा काही उपयोग नाही.

"पोरी, ह्या डबड्याला काय झालंय बघ जरा," त्यांनी मोबाईल टेबलावर टाकला. "फुटबॉलची मॅच लावली की बायकांच्या छातीच्या जाहिराती. आमची म्हातारी दोन दिस झालं माझ्यासंगं बोलंना."

बाहेर थांबलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "मामा, ह्या वयात?"

"गप ए. तुझ्या मोबाईलात काय येतंय ते दावू व्हय सगळ्यास्नी?"

सगळे हसले. मीही हसत मोबाईल हातात घेतला. स्क्रीनवर एक बाई, हात छातीवर. गाठ आहे का, वेळेत तपासून घ्या, आणि खाली एका खाजगी दवाखान्याचा नंबर. वरच्या कोपऱ्यात खात्याच्या गोल चिन्हात माझ्या दुकानाच्या नावाचं पहिलं अक्षर.

मामांच्या मोबाईलमध्ये माझी गाठ होती.

कंपनीचं काहीतरी झालंय, असं मामांना सांगितलं. त्यांच्या मोबाईलमधून दुकानाचं खातं काढलं, त्यांच्या मुलाच्या ईमेलवर नवं जोडून दिलं. ते मला आशीर्वाद देऊन गेले. मी पडद्याआड जाऊन बसले आणि कुणाकुणाला खातं जोडून दिलंय ती वही काढली. बावीस मोबाईल. पहिल्याच ओळीत आईचा.

कॉलेजातली एक मैत्रीण पुण्यात संकेतस्थळं बनवायचं काम करते. तिला फोन लावला. गाठीचं सांगितलं नाही, दुकानातलं एक गिऱ्हाईक म्हणून सांगितलं. तिनं मला ते सरकारी पान उघडायला लावलं, कुठली बटणं दाबायची ते सांगितलं, आणि माझ्यासमोर एक यादी आली. त्यात सरकारचं नाव दोन ओळींवर होतं. बाकीच्या ओळी जाहिरातीच्या कंपन्यांच्या. मी त्या पानावर आले, काय निवडलं, किती वेळ थांबले, ह्याची खूण, म्हणजे ती कुकी, त्यांनी माझ्या कम्प्युटरवर ठेवून दिली होती. पुढं मी जाईन तिथं ती खूण त्यांना ओळख देत होती. आणि कम्प्युटरवर दुकानाचं खातं उघडं असल्यामुळं ती ओळख कम्प्युटरपुरती राहिली नसणार, खातं ज्या ज्या मोबाईलमध्ये आहे तिथंवर गेली असणार, असं ती म्हणाली.

सरकारी पानावर ह्यांचं काय काम, मी विचारलं. ती म्हणाली, सरकारनं मुद्दाम बोलावलं असेल असं नाही. पानावर माणसं किती येतात ते कुणीतरी मोजायला सांगितलं असेल, पान करणाऱ्यानं फुकटातली मोजणी लावली, आणि मोजणारा आपली जाहिरातीची माणसं घेऊन आला.

"तू 'स्वीकारा' दाबलंस?" तिनं विचारलं.

"दाबलं."

"का?"

"पट्टी जायला."

फोन ठेवल्यावर मला नुसती माझी भीती राहिली नाही. त्या खुर्चीत बसलेल्या सगळ्या बाया आठवायला लागल्या. त्यांच्या वतीनं मीच 'स्वीकारा' दाबलं होतं, त्यांना न विचारता, दिवसातून कितीदा. कुणाच्या नवऱ्याचं व्यसन कुणाच्या सासूच्या मोबाईलवर गेलं असेल? कुणाच्या पोराचं अपंगत्व, कुणाचं अजून काय? लिंबाखालचा तो अर्ज लिहिणारा निदान समोर दिसत तरी होता. मी पडद्याआड हळू बोलत होते आणि माझ्या टेबलावरचं यंत्र मोठ्यानं वाचून दाखवत होतं.

बावीस मोबाईलांतला सगळ्यात जवळच्या माणसाचा मोबाईल कबनूरला होता. आई दिवसभर काम करताना मोबाईलवर भीमगीतं लावते. तिला वाचता येत नाही, पण जाहिरात बोलते. मराठीतच बोलते. मी दुकान बंद केलं आणि स्टँडवर जाऊन इचलकरंजीची गाडी धरली. गाडीत शेजारची बाई कुठं निघालात विचारत होती, तिला मी काय उत्तर दिलं आठवत नाही. आईला कळलं असलं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

घरात गेले तर भाऊ चुलीपुढं बसून भाकरी थापत होता. माझ्या भावानं जन्मात तवा हातात धरला नव्हता. त्याला विचारलं तर हसला. म्हणाला, आठ दिवस झाले, आईनं हुकूम काढलाय, रोज दोन भाकऱ्या झाल्याच पाहिजेत. तांब्याची घागर जागेवर नव्हती. ती मावशीला देऊन टाकली म्हणे. पेटीतले सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, भावाच्या उशाला ठेवलेले.

"भाकरी जळाय लागली बघ," आई कोपऱ्यातून म्हणाली. "आक्का काय रोज येणार न्हाय तुला घालायला."

तिच्या शेजारी पेटीवर मोबाईल होता. पालथा. वर फडकं टाकलेलं. गाणं चालू होतं, फडक्याखालून आवाज येत होता. मी समोर बसले. गाणं मध्येच थांबलं आणि तीच बाई बोलायला लागली, गाठ आहे का, उशीर करू नका. आईचा हात इतक्या चटकन फडक्याखाली गेला की तिला त्याची सवय झाली होती हे मला दिसलं. आवाज बंद झाला. भाऊ बाहेर पाणी आणायला गेला होता.

"तुला कधीपास्नं म्हाईत हाय?" तिनं विचारलं.

"तीन आठवडं झालं."

"आन् बोलली न्हाईस."

"कसं बोलू, आयं. तुझ्याच्यानं सोसलं असतं का?"

"माझ्याच दुखण्याचं मला न सांगता तू काय करणार हुतीस?" ती शांतपणे म्हणाली. "तुझ्या बापाला मी खेळवलं तसं मला खेळवणार हुतीस व्हय?"

मला एक क्षण काही कळलंच नाही. मग ती सांगत गेली. महिन्यापूर्वी वस्तीत तपासणीचं शिबिर झालं. बायांचं रक्त घेतलं, मोबाईल नंबर लिहून घेतला, निकाल मोबाईलवर येईल म्हणाले. आई निकालाची वाट बघत होती. आणि मोबाईल बोलायला लागला. एकदा नाही, रोज. शेजारणीच्या मोबाईलवर येत नव्हतं, नणंदेच्या येत नव्हतं, फक्त हिच्या. हिनं मनाशी धरलं की सरकारला कळलंय, मोबाईलला कळलंय, आणि मोबाईल जोडून दिलेल्या पोरीला तर कळलंच असणार. पोरगी सांगत नाही म्हणजे रीत पाळते आहे. म्हणून तिनं घागर देऊन टाकली. म्हणून भावाला भाकरी शिकवत होती. आठ दिवस ती एकटी मरणाची तयारी करत होती, आणि मी कोल्हापुरात बसून तिला काही कळू नये म्हणून जपत होते.

"आयं," मी म्हणाले, "तुझं न्हाय. माझं हाय."

तिनं हातातली कांडी खाली ठेवली. सरकून जवळ आली, उठून दाराला कडी घातली आणि परत बसली. "दाव," म्हणाली. लहानपणी ताप बघायला हात लावायची तसा तिनं हात लावला. सूत धरून धरून तिच्या बोटांना घट्टे पडलेत, तरी ती बोटं गाठीवर नेमकी थांबली.

मग म्हणाली, "शेवटच्या दिवशी तुझा बाप मला म्हणला, मला म्हाईत हाय, तू लपवून लपवून दमू नगंस. मी कुणाला सांगितलं न्हाय हे. सगळं त्याला ठावं हुतं की. एकट्यानंच भ्यालं ते माणूस." तिनं डोळे पुसले नाहीत. "उद्या सकाळच्या गाडीनं जायाचं. मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही चार तास रांगेत होतो. आत तपासणारी डॉक्टर मुलगी माझ्यापेक्षा लहान होती. सुईनं गाठीतलं काढून घेतलं आणि आठ दिवसांनी या म्हणाली. फाईल आईनं मागून घेतली. बाहेर पडताना बघितलं तर तिनं ती सुलटी धरली होती, नाव जगाकडं. एसटीत एका बाईनं नाव वाचलं आणि थोडी सरकून बसली. आईनं फाईल हलवली नाही.

ते आठ दिवस कसे गेले ते लिहिता येणार नाही. भीती रात्रीच येते असं नाही. दाखल्यावर शिक्का मारताना यायची, चहा ओतताना यायची. त्यात दुसरी भीती मिसळली होती. आपल्याला काय झालंय ते आपल्याआधी कुणा अनोळखी कंपनीला माहीत आहे, त्यांनी आपल्याला कसल्या यादीत घातलंय, ती यादी कुणाकुणाच्या हातात जाईल. उद्या विमा काढायला गेले तर? भावाच्या लग्नाचं बघायला लागलो आणि पावण्यांच्या मोबाईलवर काही गेलं तर? अशी भीती कुणाला सांगावी तर लोक म्हणतात, आपल्यासारख्या गरिबाची माहिती घेऊन कोण काय करणार. लिंबाखालच्या रांगेत उभं राहिलेल्याला विचारा म्हणावं.

त्या आठ दिवसांत मी दोन कामं हाती घेतली. वही घेऊन एकेकाच्या घरी गेले, मोबाईल मागून घेतला आणि दुकानाचं खातं काढून त्यांचं त्यांचं काढून दिलं. काहींनी कुरकुर केली, पासवर्ड कोण लक्षात ठेवणार म्हणून. मी सांगितलं, माझी चूक होती. हे कानावर गेल्यावर मामा दुकानात आले, म्हणाले, "पोरी, म्हंजे त्या जाहिराती तुझ्यामुळं व्हय?" मी व्हय म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि जाताना हळू आवाजात, पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाले, "दवाखान्याला सोबत लागली तर म्हातारीला धाडतो."

दुसरं काम म्हणजे अर्ज. त्या संकेतस्थळाच्या कार्यालयाला मी स्वच्छ मराठीत लिहिलं. आजारी माणूस ज्या पानावर येतो त्या पानावर जाहिरातीच्या कंपन्यांच्या कुकी कशासाठी, त्या कधी काढणार, आणि आजवर गेलेली माहिती कुठं आहे. यादीचे फोटो जोडले. खाली सही, आणि सहीखाली बी.कॉम. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात परत लिहिलं. तिसऱ्यांदा माहितीच्या अधिकारात लिहिलं. तोवर भाऊ म्हणायला लागला होता, आक्का, सरकारच्या मागं लागून काय मिळणार. आई त्याला म्हणाली, तू भाकरी थाप.

नवव्या दिवशी निकाल मिळाला. गाठ साधी होती. ती काढून टाकली, टाके सुकले, आता बारीक व्रण आहे.

पाचव्या महिन्यात कार्यालयाचं पत्र आलं. जाहिरातीच्या कुकी काढल्याचं त्यात लिहिलं होतं. गेलेली माहिती कुठं आहे, ह्या प्रश्नापुढं उपलब्ध नाही असं होतं. ती भीती माझ्याकडं राहिली, ती राहीलच. पत्रावर विश्वास न ठेवता मी पान उघडून यादी बघितली. दोनच ओळी होत्या, दोन्ही सरकारच्या.

आता दुकानात पट्टी आली की ती मी माणसाला वाचून दाखवते, हळू आवाजात, आणि तो सांगेल ते दाबते. दुकानाचं खातं बंद केलंय. आईच्या मोबाईलला तिचं स्वतःचं खातं आहे. त्याचा आकड्यांचा पासवर्ड तिनं माझ्याकडं पाठ फिरवून बसून ठरवला, आणि तो मला माहीत नाही.